निझव्याचे चार उन्हाळे

इंदूरला माझी भाची एका शाळेत इंग्रजी शिकवते. गेल्या महिन्यात एका रात्री तिचा फोन आला. "मावशी, मस्कतहून पत्र आलं आहे. भारतीय मुलांच्या शाळेत इंग्रजीची शिक्षिका, महिना ३०० रियाल. जाऊ का?" मनाने तिने निम्मी तयारी केलीच होती, हे स्वरावरून समजत होते. रियालचा भाव सव्वादोनशे रुपये धरला तरी ही रक्कम साडेसदुसष्ट हजार होते, आणि इंदुरात तिला त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. "चार दिवस सुट्टी काढून बडोद्याला ये," एवढेच सांगितले. ती आली. त्या चार दिवसांत तिला जे सांगितले तेच येथे लिहिते आहे; अशी पत्रे आपल्यांपैकी आणखीही काही घरांत येत असतील.

पोटासाठी मुलुख सोडणे आम्हा बडोदेकर मराठी मंडळींना नवे नाही. आमचे पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत आले आणि येथलेच झाले. मी मात्र घरात समुद्र ओलांडणारी पहिली. २०१२ सालच्या सप्टेंबरात, मुलीच्या शिक्षणाचा आणि घराच्या कर्जाचा बोजा एकदमच अंगावर आला असताना, एका कंत्राटी संस्थेमार्फत ओमानमधील निझवा ह्या गावी एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला गेले. यजमान येथेच राहिले. त्यांची नोकरी होती आणि सासूबाईंचे वय झाले होते.

मुंबईहून मस्कत तीन तासांच्या आतले. बडोद्याहून मुंबईला पोहोचायलाच त्याहून अधिक वेळ लागतो! मस्कतहून निझव्याला जाणारा रस्ता दीडशे किलोमीटरच्या आसपास. दोन्ही बाजूंना गवताची काडी नसलेले, भाजलेल्या विटेच्या रंगाचे डोंगर. मी गाडीत बसून मनातल्या मनात वर्षे मोजू लागले होते. तेवढ्यात एका वळणावर खाली खजुरीचे हिरवेगार रान दिसले आणि त्याच्या मधोमध किल्ल्याचा तो प्रचंड गोल बुरूज.

निझवा ही इमामांची जुनी राजधानी. बुरूज सतराव्या शतकात इमाम सुलतान बिन सैफ ह्यांनी बांधला. त्याला बारा वर्षे लागली असे सांगतात. पायथ्याशी बाजार. शुक्रवारी सकाळी तेथे शेळ्यामेंढ्यांचा लिलाव होतो. विकणारा जनावराला दोरीने धरून गोल फिरत राहतो आणि घेणारे वर्तुळ करून बसतात. पलीकडे चांदीच्या मुठीचे खंजीर, खजुराच्या राशी, जबल अखदरच्या डोंगरावरून आलेले गुलाबपाणी. एका वृद्ध दुकानदाराने मी हिंदुस्थानची आहे हे ओळखून "रुपिया, रुपिया" म्हणत हसत हात पुढे केला. मला तो थट्टा करतो आहे असे वाटले. नंतर कळले की १९७० पर्यंत त्या देशात व्यवहार रुपयातच चालत असे. त्याच्या तरुणपणीचे नाणे तेच होते.

परंतु निझव्याचे खरे वैभव म्हणजे तेथले फलज, म्हणजे भूगर्भातून उताराने आणलेले पाण्याचे पाट. गावाजवळच्या दारिस फलजाला २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ह्या पाण्याची वाटणी घागरींवर नसते, वेळेवर असते. पूर्वी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळी मोजत. संध्याकाळी मी त्या पाटाच्या काठी पाय पाण्यात सोडून बसे. चार वर्षांत मला घराची आठवण सर्वांत अधिक तेथेच आली आणि तिचा भार सर्वांत कमी झाला तोही तेथेच.

आता पैशाचे. मला सगळे मिळून ६५० रियाल मिळत. रियालचा भाव तेव्हा १४० च्या घरात, म्हणजे ९१ हजार रुपये. घरी नातलगांनी हा आकडा ऐकला आणि तो साऱ्या आळीला तोंडपाठ झाला. खर्चाचा आकडा कोणी विचारला नाही. घरभाडे १५०, वीज आणि पाणी २०, किराणा व भाजी ७०, टॅक्सी, फोन आणि किरकोळ मिळून ६०. हे झाले ३००. उरले ३५०, म्हणजे ४९ हजार. ही रक्कम लहान नव्हती. तिच्यामुळेच कर्ज फिटले. पण ९१ आणि ४९ ह्यांच्यामधली दरी प्रत्येक परदेशी नोकरीत असते, आणि ती पत्रात लिहिलेली नसते.

राहणीचेही असेच. मेपासून पारा ४५ च्या वर जाई. गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापे की नळाखाली हात धरवत नसे. शेजारच्या केरळी बाईंनी युक्ती शिकवली: गीझर बंद ठेवायचा. घरातल्या गीझरमध्ये साठलेले पाणी गार राहते, म्हणून आंघोळीला गरम नळाचे पाणी घ्यायचे. उन्हाळाभर गार पाण्यासाठी मी गीझरचा नळ सोडत होते! गावात बस नव्हती. स्वतःची गाडी नसलेल्या बाईने टॅक्सीची वाट पाहावी, हा तेथला रिवाज. भीती मात्र मला कधी वाटली नाही. रात्री नऊ वाजताही वाण्याकडे एकटी जाऊन येत असे. तूरडाळ, कोकम, ज्वारीचे पीठ सारे मिळे. भाजणी तेवढी बडोद्याहून नेत असे. देवदर्शनाला मात्र मस्कतला जावे लागे, तेथे शिवाचे आणि कृष्णाचे अशी देवळे आहेत.

शिकवण्याचे सुख हे त्या साऱ्या हिशेबाच्या बाहेरचे होते. पदवीच्या आधी तेथल्या मुलांना इंग्रजीचा पायाभूत अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. काळे बुरखे घातलेल्या मुली एका बाजूला, पांढरे पायघोळ अंगरखे घातलेले मुलगे दुसऱ्या बाजूला. मेंढपाळांची, टॅक्सी चालवणाऱ्यांची, शिपायांची मुले. १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा साऱ्या देशात आधुनिक शाळा तीनच होत्या. आमच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे मी त्यांना सांगितले तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मग तुमची आजी वाचत होती?" होती, मी म्हटले. पुढच्या आठवड्यात तिने आपल्या आजोबांवर निबंध लिहून आणला: त्यांना अक्षर येत नाही, पण कोणता तारा डोंगरावर आला म्हणजे कोणाच्या बागेला पाणी सोडायचे हे त्यांना ठाऊक आहे. क्रियापदांच्या चुका चाळीस तरी असतील. तो कागद मी जपून ठेवला आहे.

ह्याच खोलीला लागून शिक्षकांची खोली होती. तेथे माझ्या शेजारच्या टेबलावर एक तरुण गृहस्थ बसत. तोच अभ्यासक्रम, तेवढेच तास, शिकवण्याचा अनुभव माझ्याहून दहा वर्षांनी कमी. पारपत्र ब्रिटनचे. त्यांचे वेतन माझ्याहून पुष्कळच अधिक होते आणि ते त्यांनी संकोचून सांगितले. माणूस भला होता. वर्गात अडले की व्याकरण मलाच विचारायला येई. पहिल्या वर्षी मला ह्याचा राग आला, दुसऱ्या वर्षी मी राग करणे सोडले. आता वाटते, सोडायला नको होता.

आणखी एक गोष्ट सांगताना आजही ओशाळे वाटते. २०१३ च्या ऑगस्टात रुपया डॉलरमागे ६८ च्या पलीकडे घसरला. रियाल डॉलरला बांधलेला, म्हणून तो १७५ च्या पुढे गेला. पैसे पाठवण्याच्या पेढीपुढे आम्हा भारतीयांची रांग रस्त्यापर्यंत लागली. कोणी पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. आपल्या देशाचे नाणे पडले म्हणून आपण हसतो आहोत, हे माझ्या लक्षात आले ते पावती हातात पडल्यावर.

२०१५ च्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी रात्री भावाचा फोन आला: अण्णा गेले. माझे पारपत्र तेव्हा निवासपत्राच्या नूतनीकरणासाठी मस्कतला, त्या कंत्राटी संस्थेच्या कपाटात होते. तेथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. मी रात्रभर आणि दुसरा दिवसभर फोन केले. चावी ज्याच्याजवळ तो मनुष्य सापडला नाही. रविवारी सकाळी कार्यालय उघडले, पारपत्र मिळाले आणि संध्याकाळी मी बडोद्याला पोहोचले. तोपर्यंत घरात तांब्याच्या कलशाखेरीज काही उरले नव्हते. कोणी दुष्टपणा केला नव्हता. कपाटाला कुलूप होते, इतकेच.

हे ऐकून भाची बराच वेळ बोलली नाही. मग तिने पिशवीतून ते पत्र काढले. मी प्रथम एकच ओळ शोधली: मूळ वेतन. माझ्या ६५० मध्ये मूळ वेतन ४०० होते, बाकीचे भत्ते. नोकरी सोडताना मिळणारी उपदानाची रक्कम मूळ वेतनावर ठरते. तेव्हाच्या कायद्याने पहिल्या तीन वर्षांना प्रत्येकी पंधरा दिवसांचे आणि पुढे वर्षाला महिन्याचे वेतन. चार वर्षांचे मला १००० रियाल मिळाले. मूळ वेतन ६०० लिहिले असते तर १५०० मिळाले असते. मुंबईत सही करताना हे मी पाहिले नाही. मी केवळ बेरीज पाहिली. २०२३ च्या नव्या कामगार कायद्याने पहिल्या वर्षापासूनच वर्षाला एका महिन्याचे मूळ वेतन असा हिशेब केला. म्हणजे ती ओळ आता अधिकच मोलाची. शिवाय करार अरबीत असतो आणि वाद झाला तर अरबी मजकूरच धरला जातो. तो वाचून घेतल्याविना सही करू नये.

तिच्या पत्रात मूळ वेतन होते १८०.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. घर शाळेचे की भाड्याचे? उन्हाळ्याच्या सुट्टीतला पगार मिळतो की नाही? तिकीट तिच्या एकटीचे की तिघांचे? मुलगा पाच वर्षांचा. त्याची फी माफ, निम्मी की पूर्ण? जावईबापू सोबत गेले तर कुटुंबाच्या परवान्यावर त्यांना नोकरी करता येणार नाही. कामाचा परवाना निराळा काढावा लागतो. म्हणजे इंदूरचा एक पगार बंद होणार. तो वजा केला तेव्हा ३०० रियालातून तिघांचा खर्च जाऊन उरणारी रक्कम एवढी बारीक झाली की तिने पेन्सिल खाली ठेवली. एकटी गेली तर पैसे उरतात, पण मग मुलगा इंदूरला. त्या रकान्यात काय लिहावे हे मी तिला सांगितले नाही.

"तुला पुन्हा जायला मिळालं तर जाशील?" तिने विचारले.

"जाईन," मी म्हणाले. "पारपत्र स्वतःजवळ ठेवीन."

इंदूरला परतल्यावर तिने शाळेला पत्र पाठवले: मूळ वेतन वाढवून द्यावे, मुलाची फी लेखी कळवावी आणि पारपत्र नूतनीकरणाच्या दिवसांखेरीज आपल्याजवळ राहील असे करारात घालावे. उत्तर अजून आलेले नाही. मी मात्र परवा माळ्यावरून माझी जुनी मोठी बॅग काढून उन्हात ठेवली आहे. तिला लागली तर असावी. आतल्या कप्प्यात निझव्याच्या खजुराच्या दोन बिया निघाल्या.