पांढऱ्या बीअरचा हिशेब



मागच्या महिन्यात साधारण पंचेचाळिशीचे एक गृहस्थ सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) फॅटी लिव्हर, आणि रक्तात लिव्हरची एन्झाइम्सही वाढलेली. दारूबद्दल विचारलं तर हसून म्हणाले, "डॉक्टर, व्हिस्की वर्षापूर्वीच सोडली. आता फक्त ती बेल्जियन पद्धतीची पांढरी बीअर. गहू, धने, संत्र्याची साल, सगळं आपल्या स्वयंपाकघरातलंच की!"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण ही बीअर मलाही आवडते. म्हणून आज दोन्ही बाजू प्रामाणिकपणे सांगतो.

या बीअरला 'विट' म्हणतात. बेल्जियममधलं हूगार्डन हे गाव तिच्यासाठी प्रसिद्ध होतं, पण १९५०च्या दशकात तिथली शेवटची ब्र्युअरी बंद पडली. पुढे १९६६च्या सुमारास पिएर सेलिस या दूधवाल्याने ती पुन्हा बनवायला घेतली. तरुणपणी शेजारच्या ब्र्युअरीत हाताखाली काम केल्यामुळे त्याला कृती ठाऊक होती. आज जगभर आणि आपल्या पुण्या-मुंबईतही मिळणारी ही बीअर त्याच्या खटपटीतून उभी राहिली.

तिच्यात मोड आणून वाळवलेली बार्ली आणि मोड न आणलेला गहू असतो. गव्हातली प्रथिनं आणि तरंगणारं यीस्ट यांमुळे ती ताकाच्या निवळीसारखी गढूळ दिसते. ती खराब झालेली नसते.

चांगली पांढरी बीअर कशी ओळखायची? आधी वास घ्या. संत्र्याची साल नखाने दाबल्यावर येतो तसा वास, त्यामागे धने, आणि यीस्टमुळे येणारी लवंगेची पुसटशी झाक. मग छोटा घोट. सुरुवातीला गव्हाचा गोडवा, मग किंचित आंबटपणा, आणि शेवटी तोंड स्वच्छ, कोरडं. कडूपणा अगदी कमी. यातलं काहीही एकटं पुढे येता कामा नये. धने जास्त झाले तर साबणासारखी चव लागते, संत्रं जास्त झालं तर गोळीच्या सरबतासारखी. बिघडलेली आमटी आपल्याला जशी पहिल्या घासाला कळते, तसंच हे. फार थंडगार असेल तर वासच येत नाही, म्हणून ग्लास थोडा वेळ तसाच ठेवायचा.

आता डॉक्टरची बाजू. चव सौम्य आहे म्हणजे दारू सौम्य आहे असं नाही. या बीअरमध्ये साधारण ५ टक्के अल्कोहोल असतं. ५०० मिलीच्या ग्लासात ते होतं २५ मिली, म्हणजे जवळपास २० ग्रॅम. आणि ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये? तेही जवळपास २० ग्रॅमच! लिव्हरला धने आणि संत्रं कळत नाही, त्याला फक्त ग्रॅम कळतात. तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमचाच तो निचरा करू शकतो.

आमचे पेशंट रोज संध्याकाळी असे तीन ग्लास घेत होते. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. तीन ग्लास म्हणजे तीन लार्ज पेग. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. "म्हणजे मी काहीच सोडलं नव्हतं," ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही घेता?"

खोटं बोललो नाही. "घेतो. महिन्या-दोन महिन्यातून एकदा, ३३० मिलीची एक. त्यातही साधारण १३ ग्रॅम जातंच, आणि ते तब्येतीसाठी चांगलं आहे असं मी स्वतःलाही सांगत नाही. पण तुमच्यासाठी आज आकडा शून्य."

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं आहे की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. तेव्हा घेत नसाल तर हे वाचून सुरू करू नका. लिव्हरचा आजार, गरोदरपण, झोपेच्या गोळ्या, मेट्रोनिडाझोल, इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा गाडी चालवायची असेल, तर अजिबात नको. यूरिक अॅसिडचा त्रास असलेल्यांनी बीअरपासून दूरच राहावं. गव्हाचं ग्लुटेन सोसत नसेल त्यांनीही. आणि एकावर थांबता येत नसेल, तर तो स्वभावदोष समजून लपवू नका, मोकळेपणाने डॉक्टरांशी बोला. रोज भरपूर घेणाऱ्यांनी अचानक बंद करण्याआधीही विचारा, कारण त्याचा त्रास होऊ शकतो.

निघताना ते गृहस्थ म्हणाले, "खरं सांगू? तिसऱ्या ग्लासात संत्र्याचा वास कधी आलाच नव्हता."

मला वाटतं, त्यांचं उत्तर त्यांनाच सापडलं होतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. तोवर आमच्या दोघांच्या ग्लासात कोकम सरबत.

काळजी घ्या.