पहिली मॅच देवाला

घावण्याचं पीठ कितीही चांगलं भिजलेलं असो, तव्यावरचा पहिला घावणा धड निघत नाही, हे तुम्हांला मी सांगायला नकोच. तो चिकटतो, फाटतो, शेवटी गोळा होऊन ताटलीच्या कडेला पडतो. मग आपण तवा पुसतो, अर्ध्या कांद्याने तेल फिरवतो आणि दुसरा घालतो. पहिल्या घावण्यावरून कोणी सुनेची परीक्षा करीत नाही. (काही घरांत करतात म्हणा! पण ते जाऊ द्या.)

आमची मुंबई इंडियन्स अगदी या पहिल्या घावण्यासारखी आहे. २०१२ साली चेन्नईला जाऊन तिने मोसमाची पहिली मॅच जिंकली होती. त्यानंतर २०१३ पासून २०२५ पर्यंत, ओळीने तेरा वर्षं, पहिली मॅच हरली. बंगळूरने हरवलं, कोलकात्याने हरवलं, दिल्लीने, चेन्नईने, गुजरातने हरवलं. पुण्याची टीम बिचारी दोनच वर्षं टिकली, पण तिनेही दोन्ही वर्षी पहिल्या मॅचला आम्हांला हरवून घेतलं! आणि याच तेरा वर्षांत टीमने पाच वेळा करंडकही आणला. म्हणून मुंबईवाल्यांनी आपल्या समाधानासाठी एक वाक्य करून ठेवलं आहे : ‘पहिली मॅच देवाला!’ नैवेद्याचं पान वाढावं तशी ती बाजूला काढून ठेवायची आणि दुसरीपासून मोजायला लागायचं.

मला मात्र तुम्हांला सांगायचं आहे ते माझ्या जागेबद्दल.

माझं माहेर वसईचं आणि सासर खारबावचं. दिवा-वसई लाइनीवर मध्ये दोनच स्टेशनं, जूचंद्र आणि कामण. पण गाड्या इतक्या मोजक्या की एक चुकली की माहेर एकदम परदेशात गेल्यासारखं वाटतं. माहेरी भाऊ आणि त्याचे मित्र रबरी बॉलने खेळत, आणि त्यांची स्कोअरची वही माझ्याकडे असे. कोणाचे किती रन, कोणाची किती ओव्हर, सगळं पेन्सिलीने. त्यातल्या एकालाही बेरीज धड येत नव्हती, म्हणून मला मान! लग्न होऊन आले तेव्हा पुढच्या खोलीतला टीव्ही पाहून मला बरं वाटलं होतं. इथेही सगळ्यांना क्रिकेटचं वेड. खारबाव काय, भिवंडी तालुक्यातलं कुठलंही गाव काय, भात कापून शेत मोकळं झालं की स्टंप रोवलेच म्हणून समजा.

तर २०१३ सालची गोष्ट. एप्रिलची सुरुवात, बंगळूरशी पहिली मॅच. शेवटची ओव्हर चाललेली. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, आणि मुंबई दोन रनांनी हरली. दोनच रनांनी! आमचे हे माझ्याकडे असं पाहू लागले की जणू बॉल मीच टाकला. मुलगा तेव्हा सहावीत. तो रडवेला होऊन म्हणाला, “आई, तू कशाला आलीस बाहेर?” आणि सासूबाईंनी पलंगावरून निकाल दिला, “ती आली नि खेल बिघरला.”

थट्टाच होती हो. मीही हसले. पुढच्या मॅचला मुलाने सांगितलं, “आई, तू आतच थांब.” थांबले. त्या वर्षी मुंबईने पहिल्यांदाच करंडक जिंकला. झालं! माझा पुरावाच संपला.

त्यानंतर मी मुंबईचा खेळ स्वयंपाकघरातून पाहिला. पाहिला म्हणजे ऐकला. कान इतके तयार झाले की काय सांगू! आखूड ‘अरे!’ म्हणजे कॅच सुटला. लांबलेला ‘अरेऽऽऽ’ म्हणजे आपला गडी आऊट. खुर्ची सरकली की चौकार, खुर्ची पडली की षटकार. बरं, ह्या मॅचेसची वेळ कोणी ठरवली असेल? संध्याकाळी साडेसात-आठ! ज्यांच्या पानात गरम भाकरी आपोआप येते, अशाच कोणीतरी. शिवाय मोसम मार्च ते मे. म्हणजे आपला पापड, कुरडया, मसाला, सुकट भरून ठेवायचा मोसम. दिवसभर गच्चीत वाळवण राखायचं आणि रात्री तव्यापुढे उभं राहून ‘अरे’ मोजायचे.

२०१४ साली निवडणुकांमुळे सुरुवातीच्या मॅचेस अरब देशात झाल्या. तिथे आमच्या टीमने एकामागून एक पाच मॅचेस हरून दाखवल्या. देवाला तरी किती वाढायचं! पण त्याच वर्षी मे महिन्यात वानखेडेवर राजस्थानशी मॅच झाली. पुढच्या फेरीत जायचं तर १९० रन साडेचौदा ओव्हरींत करायला हवे होते. साडेचौदा ओव्हरींनंतर रन झाले १८९. खोलीत एकदम शांतता. हे कागद-पेन्सिल शोधताहेत, मुलगा बोटं मोजतोय. मी पीठ मळता मळता आतून ओरडले, “अहो, अजून एका बॉलची संधी आहे, चौकार हवा!” आणि आदित्य तरेने षटकार मारला. सगळे अंगणात धावले. मी बाहेर आले तेव्हा खोलीत कोणीच नव्हतं, एकट्या टीव्हीवर तरे धावत सुटला होता. तेवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

२०१५ ला पहिल्या चार हरून करंडक. २०१७ ला पुण्याला एका रनाने हरवून करंडक. २०१९ ला चेन्नईला पुन्हा एकाच रनाने! त्या शेवटच्या बॉलला दोन रन हवे असताना समोर शार्दूल ठाकूर, आमच्या पालघरचा. वसई २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेली, म्हणजे माझ्या माहेरच्या जिल्ह्याचाच मुलगा! मलिंगाने त्याला पायचीत केलं, बाहेर आरडाओरडा झाला, आणि मी दाराआड उभी राहून एका डोळ्याने खूश, एका डोळ्याने हळहळत. त्या प्रत्येक जिंकण्यानंतर हे मला म्हणत, “बघ, तू आत होतीस म्हणून.” कौतुकानेच म्हणत. पहिला पेढाही मला मिळे.

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मीही स्वतःला तेच सांगत असे. पण मैत्रिणींनो, मुलाचा बारावीचा निकाल लागायचा होता ना, त्या दिवशी सगळे पुढच्या खोलीत मोबाईलभोवती जमले आणि मी आपण होऊन स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. कोणी सांगितलं नव्हतं. ‘आपण पुढे नको’ असं मनातच आलं. पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हाही पोहे घेऊन मी दुसऱ्या जावेला पुढे केलं. त्या रात्री झोप लागली नाही. थट्टेतली गोष्ट माझ्या पायांत कधी उतरली, ते मला कळलंच नव्हतं.

दुधाच्या हिशेबाच्या वहीमागे मी मॅचेस लिहून ठेवायला लागले ते तेव्हापासून. जुनी सवय, पेन्सिलही तीच. तारीख, कोणाशी, निकाल, आणि चौथ्या रकान्यात ‘मी कुठे’. २०२२ साली मुंबई पहिल्या आठच्या आठ मॅचेस हरली आणि शेवटी तळाला राहिली. चौथ्या रकान्यात सगळीकडे ‘आत’. २०२४ ला पहिल्या तीन हरली, पुन्हा तळाला. ‘आत’.

२०२५ चा मोसम आला. २३ मार्चला चेन्नईने हरवलं. कोणाला काही वाटलं नाही, देवाची होती. २९ ला अहमदाबादला गुजरातने हरवलं. ३१ ला कोलकात्याला आम्ही हरवलं, पण मग लखनऊने हरवलं, आणि ७ एप्रिलला वानखेडेवर बंगळूरने बारा रनांनी. पाचांतल्या चार गेल्या. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी वही आणली आणि मोठ्याने वाचून दाखवली. बारा वर्षांत मी आत असताना किती हारी झाल्या, त्यांची बेरीज सांगितली. हे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अगं, पण तू आत होतीस म्हणून बाराच रनांनी हरलो. बाहेर असतीस तर शंभराने हरलो असतो!”

आता या बोलण्यावर काय करायचं? मी वही मिटली.

१३ एप्रिलला रविवार होता, दिल्लीशी मॅच. मी सात वाजायच्या आत तांदळाच्या भाकऱ्या करून टाकल्या. (उतरल्या उतरल्या सुती कापडात गुंडाळून झाकणाच्या टोपलीत ठेवा, दोन तास मऊ राहतात. पंचवीस वर्षं तव्यावरून पानात वाढत आले, म्हणून हे मला उशिरा कळलं!) पदराला हात पुसले आणि फ्रिजजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत जाऊन बसले. कोणी काही बोललं नाही, पण हवा बदलली ते कळलं.

मुंबईने २०५ केले. चला, बरं झालं म्हटलं. मग दिल्लीचा तो करुण नायर आला आणि त्याने असं काही मारायला घेतलं की बुमराहलाही सोडेना. दिल्ली सहज जिंकणार असं दिसू लागलं. मुलगा वळून माझ्याकडे बघे आणि पुन्हा टीव्हीकडे. ह्यांचा पाय हलत होता. सासूबाई पलंगावर पदर तोंडाला लावून बसलेल्या. खरं सांगते, उठावंसं वाटलं. भांडी घासायचं निमित्तही होतं. दिल्लीत खेळणाऱ्या अकरा जणांना खारबावची एक बाई फ्रिजजवळ बसली आहे की ओट्याजवळ उभी, हे कुठून कळणार? डोक्याला समजत होतं, पण गुडघ्यांना समजत नव्हतं. मी खुर्चीचे दोन्ही हात धरून बसले.

सँटनरने नायरला ८९ वर बोल्ड केलं. मग एकेक करीत बाकीचे गेले, आणि एकोणिसाव्या ओव्हरीत लागोपाठ तीन बॉलना तीन रनआऊट! मॅच संपली. बारा रनांनी जिंकलो. मी उठायला गेले तर मुलगा ओरडला, “आई, हलू नकोस! आता तुझी जागा तीच.”

झालं ना! पुढच्या पाच मॅचेस मुंबईने ओळीने जिंकल्या. राजस्थानला जयपूरला जाऊन शंभर रनांनी हरवलं. आणि मी खुर्चीला खिळलेली! पाणी प्यायला उठायची सोय नाही. कुकरची शिट्टी झाली की हे स्वतः आत जाऊन गॅस बंद करीत. एकदा तर चहाही त्यांनीच केला, साखर दुप्पट. पहिले दोन-तीन दिवस मला गंमत वाटली. मग जाणवलं की ही दुसऱ्या तऱ्हेची कोंडीच आहे.

६ मेला वानखेडेवर गुजरातशी मॅच. पावसाने दोनदा खोळंबा केला, टार्गेट बदललं, मध्यरात्र उलटून गेली आणि शेवटच्या बॉलला मुंबई हरली. खोलीत सगळे गप्प. मग मुलाची नजर हळूच माझ्या खुर्चीकडे वळली, ह्यांचीही वळली. मी काही बोलायच्या आत सासूबाई कडाडल्या, “पाऊस पन हिनीच पारला का रं?”

मला इतकं हसू आलं! हसता हसता उठले आणि पाणी प्यायले.

१ जूनला पंजाबने आमचा मोसम संपवला. श्रेयस अय्यरने, तोही मुंबईचाच मुलगा, षटकार मारमारून घरी पाठवलं. ती मॅच मी कधी खुर्चीत, कधी दारात, कधी सासूबाईंच्या पायाशी बसून पाहिली. वाटेल तेव्हा उठले, वाटेल तिथे बसले. शेवटी डोळ्यांत थोडं पाणीही आलं. विरजणाचं दूध तेवढं उतू गेलं.