जुनी गिटार घेताना

जुने वाद्य विकत घेणे हा व्यवहार जुने कपाट किंवा जुनी मोटार घेण्याहून निराळा आहे. वाद्याला पहिल्या मालकाच्या हाताचे वळण लागलेले असते. त्याची बोटे कोठे अधिक फिरली, हे गिटारीच्या पडद्यांवर नजर टाकताच कळते. आमच्या कन्येसाठी अर्धपोकळ इलेक्ट्रिक गिटार घेण्याचे ठरले, तेव्हा या व्यवहारातील खाचाखोचा आम्हांला प्रथमच उमगल्या.

‘अर्धपोकळ’ हा शब्द काही वाचकांना नवा वाटेल. पोकळ गिटारीचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून फार मोठा केला, की स्पीकरमधून येणारा नाद तिच्या पातळ लाकडी पेटीला पुन्हा कंप देतो, तो कंप पिकअप पुन्हा टिपतो आणि सभागृहात कर्कश किंचाळी उठते. भरीव लाकडाच्या गिटारीत हा उपद्रव फारसा नसतो. परंतु पोकळ पेटीचा मऊ, मोकळा नादही तिच्यात उतरत नाही. १९४०-४१च्या सुमारास लेस पॉल या वादकाने न्यूयॉर्कमधील एपिफोनच्या कारखान्यात एका चौकोनी ओंडक्यावर तारा ताणल्या आणि त्याच्या दोन्ही अंगांना पोकळ गिटारीची अर्धी-अर्धी पेटी जोडली. पुढे १९५८ साली गिब्सन कंपनीने ‘ईएस-३३५’ बाजारात आणली. तिच्या पोटात मधोमध मेपलचा सलग ठोकळा आणि दोहों बाजूंस पोकळी. अर्धपोकळ गिटार ती हीच. तरीही किंचाळीचा प्रश्न पुरता मिटला नाही. बी. बी. किंग यांच्या नावाशी जोडलेली ‘लुसिल’ गिटार गिब्सनने १९८० साली काढली, तेव्हा तिच्यावरची ‘एफ’ अक्षराच्या आकाराची छिद्रे याच कारणाने गाळली.

गिब्सनची गिटार आमच्या ऐपतीबाहेरची. एपिफोन ही कंपनी मात्र १९५७ साली गिब्सनच्या मालकांकडे गेली, आणि तिची ‘डॉट’ ही गिटार त्याच घडणीची असूनही पुष्कळ स्वस्त असते. वांद्र्यातील एका वृद्ध वादकांना आपली ‘डॉट’ विकायची आहे असे कळले, तेव्हा आम्ही बापलेक वसईहून त्यांच्या घरी गेलो.

कन्येने परीक्षा क्रमाने केली. मान डोळ्यांच्या रेषेत धरून ती वाकली आहे का ते पाहिले. थोडा बाक मानेतील ट्रस रॉड फिरवून दुरुस्त होतो. पिळवटलेली मान मात्र सहसा ताळ्यावर येत नाही. बाराव्या पडद्यावर तार दाबून निघणारा सूर आणि तेथेच तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर जुळतो का, ते ऐकले. मग बटणे फिरवली. या घडणीच्या गिटारीला पाठीमागे झाकण नसते. आतील जोडणी दुरुस्त करायची तर सारे काही त्या ‘एफ’ छिद्रांतून बाहेर ओढावे लागते. म्हणून बटणांची खरखर क्षुल्लक समजू नये.

राहिली खुंट्यांच्या पाटीमागची जागा. मान तेथे बारीक असते आणि गिटार पडली, तर बहुधा तेथेच मोडते. कन्येचा हात तेथे पोहोचण्याआधीच ते गृहस्थ म्हणाले, “तिथं नीट बघ, बाळ. एकदा पडली होती. सरस लावून जोडून घेतली. दहा वर्षं झाली, हलली नाही. म्हणूनच अठरा हजार सांगितले, नाहीतर पंचवीस मागितले असते.”

दिव्याखाली धरल्यावर केसाएवढी एक रेघ दिसली. त्यांनी सांगितले नसते, तर ती आमच्या नजरेतून निसटली असती.

“अंकल, तुम्ही एकदा वाजवाल का?” कन्येने विचारले. त्यांनी उजवा हात पुढे केला. संधिवाताने बोटे आखडली होती. “तू वाजव. पण आधी तिसरी तार लाव, उतरलीय ती.” तिने तार लावली. ती वाजवीत असता त्यांच्या डाव्या हाताची बोटे गुडघ्यावर तिच्या बरोबरीने हलत होती.

घासाघीस करण्यासाठी आम्ही मनाशी दोन-चार वाक्ये जुळवून नेली होती. ती बोलण्याची वेळ आली नाही. आम्ही जी सूट मागणार होतो, ती त्यांनी खरे सांगून आधीच देऊन टाकली होती. आम्ही १८,००० रुपये मोजले. निघताना त्यांनी दोन सूचना केल्या: पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि गिटार शोभेसाठी भिंतीवर टांगू नये.

पहिल्या तीन पडद्यांवर तारांच्या घर्षणाने खाचा पडल्या आहेत. ते बदलावेत, असे दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचे मत आहे आणि ते योग्यच आहे. कन्या मात्र म्हणते, सूर स्वच्छ निघतो आहे तोवर त्या राहू द्या. एखाद्या दिवशी तार त्या खाचांत खरखरू लागेल, तेव्हा पडदे बदलावेच लागतील. तोपर्यंत तिची बोटे त्याच खाचांवर फिरत राहतील.