दोन इंचांची चौकट

पस्तीस मिलिमीटर फिल्मचा एक तुकडा आणि त्याभोवती पुठ्ठ्याची दोन इंच बाय दोन इंचांची चौकट. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात अशा स्लाइड्स माळ्यावर होत्या, बाबांच्या टेबलाच्या खणांत होत्या, देवघराशेजारच्या फडताळातही होत्या. बाबा मेडिकल कॉलेजात चित्रकार-छायाचित्रकार होते. असं एक पद असायचं हे आता कुणाला आठवतही नसेल, पण त्या काळी प्राध्यापकांना कुठल्या परिषदेत बोलायचं असलं की आधी बाबांकडे यावं लागे. तक्ते, आलेख, एक्स-रे, रुग्णांचे फोटो, सगळं कॉपी स्टँडवर ठेवून ते फिल्मवर घेत. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं. एका स्लाइडवर सहा-सात ओळींहून जास्त मजकूर घ्यायला ते साफ नकार देत, मग समोर विभागप्रमुख का असेनात. "मागच्या रांगेतल्या माणसाला वाचताच येणार नसेल, तर त्याला बोलावलंत कशाला?" असं ते विचारत.

लाल ठिपका देण्याचं काम माझं. स्लाइड सुलटी धरायची आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात ठिपका द्यायचा. प्रोजेक्टरमध्ये ती डोकं खाली करून बसवतात, म्हणजे ठिपका वरच्या उजव्या कोपऱ्यात, बरोबर अंगठ्याखाली येतो. कोडॅकच्या गोल ट्रेमध्ये ऐंशी खाचा असत. हॉलमधल्या अंधारात ट्रे भरणाऱ्या माणसाला त्या ठिपक्याचाच काय तो आधार.

रुग्णाच्या फोटोला मात्र बाबा मला हात लावू देत नसत. भिंगाखाली बारीक कुंचला धरून रुग्णाच्या डोळ्यांवर ते काळी पट्टी ओढत. "हा माणूस सभेला येणार नाही. त्याच्या वतीनं आपण बघायचं," एवढंच ते म्हणाले होते. पुढे मी रोगप्रतिबंधक वैद्यकशास्त्र शिकले, शिकवलं, आणि एका आंतरराष्ट्रीय परिषदेची संयोजन सचिवही झाले. त्या सगळ्या काळात या एका वाक्यापाशी मी पुन्हापुन्हा आले.

पाहुणचाराचा वारसा आजीकडचा. मार्च १९३९मध्ये त्रिपुरीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा वऱ्हाडातून आलेली मंडळी आमच्या ओसरीवर उतरली होती. ते बावन्नावं अधिवेशन, म्हणून मिरवणुकीला बावन्न हत्ती, ही गोष्ट जबलपुरात अजून सांगतात. त्याची आठवण म्हणून उभारलेलं कमानिया गेट आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण आजी हत्तींबद्दल फार बोलत नसे. ती सांगे सुभाषबाबूंच्या तापाबद्दल. निवडून आलेला अध्यक्ष तापानं फणफणलेला, त्याला स्ट्रेचरवरून मांडवात आणलं, आणि एवढ्या गर्दीत त्याला निवांत पडायला जागा कुठे मिळाली असेल, याची तिला चाळीस वर्षांनंतरही काळजी वाटे. १९५५ साली सुरू झालेल्या आमच्या मेडिकल कॉलेजला आज त्याच सुभाषबाबूंचं नाव आहे. कोणत्याही सभेकडे बघण्याची आजीची रीत मला पटते: कोण काय बोललं ते वर्तमानपत्रात येईल, पण आलेल्यांतलं कोण आजारी होतं, कुणाला अंघोळीला गरम पाणी मिळालं नाही, हे घरच्याच माणसाला ठाऊक असतं.

माझा विषय होता पाण्यातलं फ्लोराइड. १९३७ साली नेल्लोर जिल्ह्यातल्या रुग्णांवरून शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरोसिसचं भारतातलं पहिलं सविस्तर वर्णन छापलं. दात तपकिरी पडतात, कणा ताठरतो. पुढे १९७३मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी मुलांचे गुडघे आत वळण्याशी त्याचा संबंध 'लॅन्सेट'मध्ये मांडला. आमच्या शेजारच्या मंडला जिल्ह्यात हेच दृश्य होतं. विहिरी-ओढ्यांच्या गढूळ पाण्यानं जुलाब होतात म्हणून हातपंप बसवले, आणि काही गावांत त्या खोल, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातच लिटरला दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त फ्लोराइड निघालं. तिलईपानी गावात जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन केंद्रानं नव्वदच्या दशकात केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. पाण्याचा स्रोत बदलण्याबरोबरच त्यांनी आहारातलं कॅल्शियम, लोह आणि क जीवनसत्त्व वाढवलं, आणि त्यासाठी पुढे केली रानात आपोआप उगवणारी चकोडा भाजी. आपण जिला टाकळा म्हणतो तीच. पोटात पुरेसं कॅल्शियम असलं की फ्लोराइड त्याच्याशी बांधलं जातं आणि रक्तात कमी उतरतं. रेशनच्या दुकानावर अवलंबून नसलेला हा उपाय.

हे सगळं अरुषाच्या, इथिओपियाच्या, नाकुरूच्या डॉक्टरांनी ऐकावं आणि त्यांचं आपण ऐकावं, असं मनात होतं. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीतल्या पाण्यातही हेच विष आहे. चीनच्या ग्वेइझोऊ प्रांतात तर ते घरातल्या कोळशाच्या धुरातून, त्यावर वाळवलेल्या मक्या-मिरचीतून पोटात जातं. दिल्ली-मुंबईत परिषद घेणं सोपं गेलं असतं. पण ज्या पाण्याबद्दल बोलायचं ते मंडल्यात, मग माणसांनी जबलपूरला यावं, यावर मी अडून बसले.

जबलपूरला यावं म्हणणं सोपं, आणायचं कसं हा प्रश्न. जानेवारीत डुमना विमानतळावर धुकं, मार्चमध्ये विद्यापीठाच्या परीक्षा, आणि फेब्रुवारीत लग्नाचे मुहूर्त, त्यामुळे हॉल, हलवाई, गाद्या, गाड्या सगळं आधीच गेलेलं. आम्ही पंचांग समोर ठेवून मुहूर्त नसलेले दिवस शोधले. परदेशी वक्त्यांसाठी मंत्रालयाची परवानगी, मग त्या परवानगीच्या आधारावर निमंत्रणपत्र, मग निमंत्रणपत्रावर कॉन्फरन्स व्हिसा. यातला एक कागद अडला की पुढचे सगळे अडतात. निम्मे पाहुणे नागपूरला उतरवून सिवनीमार्गे गाडीनं आणले. शुल्क परवडत नाही असं लिहिणारे तरुण डॉक्टर पुष्कळ होते, त्यांना दीक्षितपुऱ्यातल्या मराठी घरांत उतरवलं. गल्लीतल्या काकूंनी "मुलगा काय खातो?" एवढंच विचारलं आणि खोल्या रिकाम्या करून दिल्या. नायरोबीहून आलेल्या एकानं कमानिया गेटापाशी खव्याची जलेबी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या चेअरपर्सनलाही तिथे नेलं.

आता स्लाइडकडे येते. कोडॅकनं २००४ साली स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं, त्याच्या पुढल्या वर्षीची ही गोष्ट. बहुतेकांचं पॉवरपॉइंट झालं होतं, पण सगळ्यांचं नाही. म्हणून प्रत्येक हॉलमध्ये आम्ही दोन्ही सोयी ठेवल्या आणि प्रिव्ह्यू रूम बाबांकडे सोपवली. सत्तरीचे बाबा सकाळी आठला बंद गळ्याचा कोट घालून तिथे हजर असत.

त्याआधी महिनाभर एक गोष्ट झाली होती. माझ्या भाषणातल्या स्लाइड्स आधी गावात दाखवाव्यात, असं मी ठरवलं. मंडला जिल्ह्यातल्या एका गावी जनरेटर आणि प्रोजेक्टर नेला, शाळेच्या चुन्याच्या भिंतीवर चित्रं टाकली. नदी, हातपंप, भाजीचं रान, यावर लोक खुशीत हसले. मग मुलांचे पाय आले, आणि एक बाई उठून पुढे आली. तिनं विचारलं, "हे नुसते पाय कुणाचे?" मी सांगितलं, तुमच्याच मुलाचे. ती म्हणाली, "मग तो कुठे आहे? तो शाळेत जातो, ते कुठे आहे?" पुढच्या स्लाइडवर तिचा मुलगा पूर्ण होता, डोळ्यांवर बाबांची काळी पट्टी. ती आणखीनच अस्वस्थ झाली. जिवंत लेकराचे डोळे असे काळे का केले? चोराचे करतात तसे?

पट्टीमागचा हेतू मी समजावून सांगितला. तिनं नीट ऐकून घेतलं, पण आपलं म्हणणं बदललं नाही. मुलाच्या हातात पाटी द्या, चेहरा राहू द्या, आणि मग जगाला दाखवा.

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आयुष्यभर ज्या पट्टीला त्यांनी रुग्णाची राखण मानलं, तिच्याबद्दल ज्याची राखण करायची त्याच्या आईचं मत असं होतं. मग त्यांनी विचारलं, "तिनं स्वतः सांगितलं ना? मग माझा प्रश्न नाही." पाटीवाला नवा फोटो त्यांनीच स्लाइडवर घेतला, बिनपट्टीचा. परिषदेत माझ्या भाषणाची सुरुवात त्या स्लाइडनं झाली. गुडघे तिसऱ्या स्लाइडवर आले.

प्रिव्ह्यू रूममध्ये बाबा मग प्रत्येक वक्त्याला, रुग्णाचा फोटो असला की, मोडक्या इंग्रजीत एकच विचारू लागले: या माणसाला विचारलंत का? काहीजण गोंधळले. टांझानियाचे एक वयस्कर डॉक्टर तिथेच खुर्ची ओढून बसले आणि जेवणाची वेळ टळेपर्यंत दोघं बोलत राहिले. आज वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीही हेच सांगते: डोळे झाकणं पुरेसं नाही, ओळख पटण्यासारखी असेल तर लेखी संमती हवी. आयोजकांच्या याद्यांत गेटपासून गालिच्यापर्यंत सगळं असतं, तिथे हा रकाना मला अजून क्वचित दिसतो. ज्याच्या दुखण्यावर परिषद उभी राहते, त्याचीही व्यवस्था बघणं यजमानाच्याच अंगावर आहे, असं मी मानते आणि जिथे बोलावतील तिथे सांगते.

बाबा गेले. जबलपूरच्या पावसाळ्यात फिल्मवर बुरशीच्या नक्ष्या उमटतात, म्हणून मी स्लाइड्स स्कॅन करायला घेतल्या आहेत. हातपंप, भाज्या, आलेख, घरं, हे सगळं करते. जुन्या रुग्णांचे चेहरे वेगळ्या डब्यात काढले, त्यांचं काय करावं हे त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ठरवता येणार नाही. काही गावं अजून हाताशी आहेत, तिथे निरोप पाठवते.

पाटीवाल्या मुलाचा शोध लागला. तो आता तिशी ओलांडलेला, वीज खात्याच्या कंत्राटावर काम करतो. त्याला मोबाइलवर तो फोटो पाठवला. त्यानं लगेच फोन केला, आईला दाखवला म्हणाला, कॉलेजची, बाबांची चौकशी केली. मग थोडं थांबून म्हणाला, "मॅडम, आता हा दाखवू नका. माझ्या मुलीच्या शाळेतले लोक बघतील." मी बरं म्हटलं. पुढच्याच महिन्यात माझं एका परिषदेत व्याख्यान होतं. तिथे त्या जागी मी गुडघ्याचं रेखाचित्र घातलं, आणि संयोजकांकडे आधीच गेलेली फाइल त्यांच्याकडून पुसायला लावून नवी पाठवली.