वजनाचा जमाखर्च

कंट्रोल लाइन विमानाच्या संचात इंजिनाऐवजी विजेची मोटार बसविणे हे काम वरकरणी एका यंत्राच्या जागी दुसरे यंत्र आवळण्याइतके सोपे भासते. परंतु ज्याने असा संच पेटीतून काढून, त्याचा नकाशा मेजावर पसरून, मोटार, बॅटरी आणि वेगनियंत्रक यांच्या वजनांचा जमाखर्च मांडला आहे, त्याला ठाऊक असते की, येथे सबंध विमानाची वजनाची वाटणीच नव्याने करावी लागते, आणि ती चुकली तर उत्तमातील उत्तम मोटारही त्या विमानाला तारू शकत नाही.

तारांवर विमान उडविण्याची ही विद्या अमेरिकेतील पोर्टलंड येथील जिम वॉकर यांनी १९४० च्या सुमारास ‘फायरबॉल’ या विमानाच्या रूपाने लोकांपुढे आणली. आपल्याकडे तिला आश्रय मिळाला तो मुख्यतः राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत. उडविणारा मैदानाच्या मध्यभागी उभा, त्याच्या मुठीतून निघालेल्या पोलादाच्या दोन बारीक तारा डाव्या पंखातून विमानाच्या पोटातील बेलक्रँक नावाच्या तरफेपर्यंत गेलेल्या, आणि त्या तरफेच्या हालचालीसरशी शेपटीचे एलिव्हेटर वरखाली होणारे, एवढाच काय तो सरंजाम. १८ मीटरच्या तारांवर ५ सेकंदांत एक फेरी घेणारे किलोभर वजनाचे विमान ताशी ८० किलोमीटर वेगाने धावते आणि आपल्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट जोराने मूठ बाहेर ओढते. ही ओढ आहे तोवर विमान आपले. ती सैल पडली त्या क्षणी ते कोणाचेच राहत नाही.

जुनी इंजिने मेथॅनॉल, एरंडेल आणि थोडे नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालत. फॉक्स ३५ सारख्या ५.७ घन सेंटिमीटरच्या इंजिनाचा सूर आणि जळत्या एरंडेलाचा वास यांवर जीव जडलेली माणसे मला परिचित आहेत, आणि मीही त्यांपैकीच एक आहे. तथापि मेथॅनॉल हे विष असल्याने त्याच्या खरेदीविक्रीवर सरकारी निर्बंध आहेत, ते मुलांच्या हाती देण्यास कोणताही समंजस शिक्षक राजी होणार नाही, आणि वस्तीलगतच्या मैदानावर त्या आवाजाची तक्रार आल्यावाचून राहत नाही. जालन्यासारख्या गावी ही विद्या टिकवावयाची, तर विजेवाचून गत्यंतर नाही असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

प्रारंभ नाकापासून करावा लागतो. चपट्या शरीराच्या, म्हणजे अर्ध्या इंची बाल्साच्या फळीचेच धड असलेल्या संचात, इंजिन धरण्यासाठी कठीण लाकडाच्या दोन पट्ट्या दिलेल्या असतात. त्या मी वगळतो आणि नाकाच्या दोन्ही अंगांना पातळ प्लायवुड डकवून त्यावर ॲल्युमिनियमचा काटकोनी तुकडा बसवितो. हा तुकडा करून घेण्यास जालन्याइतके सोयीचे गाव नाही, कारण लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांमुळे येथे लेथ आणि ड्रिल चालविणाऱ्या कसबी कारागिरांचा तोटा नाही. मात्र ज्यांच्या भोवती मालाचे वजन टनांत चालते, त्यांना माझी ग्रॅमांची मागणी प्रथम विपरीत वाटते. “सर, जाड ठेवू की पट्टी; पातळ कामाला दम नसतो,” असे मिस्त्री मोठ्या आपुलकीने सांगतात. त्यांना विमानाचा सांगाडा हातात देऊन एका बोटावर तोलून पाहावयास सांगितले की, पुढच्या खेपेस तेच अनावश्यक धातू कोरून काढण्याच्या जागा सुचवितात.

इंजिनाच्या काळी नाकाशी दोनशे ग्रॅमच्या आसपास धातू आणि त्याच्या पाठीमागे इंधनाने भरलेली टाकी असे. आता मोटार शंभर ग्रॅमच्या आत बसते, वेगनियंत्रक ३०-४० ग्रॅमचा असतो, आणि तीन कोशांची २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी एकटीच १८० ग्रॅम भरते. बेरीज जवळपास तीच. जागा मात्र निराळ्या. म्हणून बॅटरीची बैठक आधी चिकटवू नये. विमान रंगासह पुरे करावे, मोटार व प्रॉपेलर चढवावा, बॅटरी धडाच्या बाहेरच्या अंगास रबराने बांधून पुढेमागे सरकवावी, आणि नकाशातील बिंदूवर तोल आला की मगच तिची जागा कायम करावी. तारांच्या भाराला उतारा म्हणून बाहेरच्या पंखाच्या टोकात शिसे घालण्याचा प्रघात आहे. बॅटरी त्याच बाजूस असल्याने तेही पूर्वीपेक्षा थोडे कमी लागते. इंजिनाच्या विमानात इंधन जळेल तसतसे नाक हलके होई आणि अखेरच्या फेऱ्यांत विमान अधिक चंचल बने. बॅटरी रिती झाली तरी तिचे वजन घटत नाही, त्यामुळे पहिल्या फेरीतला तोल शेवटच्या फेरीपर्यंत तसाच राहतो, आणि माझ्या दृष्टीने विजेचा सर्वांत मोठा उपकार हाच होय.

दुसरा उपकार प्रॉपेलरच्या दिशेचा. नेहमीच्या दिशेने फिरणाऱ्या प्रॉपेलरची प्रतिक्रिया विमानाला उडविणाऱ्याकडे कलंडविते, त्यामुळे ऐन उड्डाणाच्या वेळी तारा सैल पडण्याचे भय असते. इंजिन उलटे फिरवावयाचे तर निराळा क्रँकशाफ्ट लागे. मोटारीच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली आणि उलट्या पात्यांचा प्रॉपेलर लावला की काम झाले, आणि तीच प्रतिक्रिया आता विमानाला बाहेर लोटून तारा ताठ ठेवते.

रेडिओ नसल्याने मोटारीचा सारा कारभार एका लहानशा टायमरकडे असतो. बटण दाबल्यावर मुठीपर्यंत चालत जाण्याइतकी सवड देऊन तो मोटार सुरू करतो, फेऱ्यांची गती स्थिर राखतो आणि नेमून दिलेली मुदत संपताच ती बंद करतो. मुदतीचा हिशेब सरळ आहे: सरासरी २० अँपिअरने पाच मिनिटांत सुमारे १६७० मिलिअँपिअर-तास खर्च होतात, आणि २२०० ची बॅटरी चार-पंचमांशापलीकडे रिकामी करू नये, म्हणजे मर्यादा १७६०. सहाव्या मिनिटाचा लोभ धरणाऱ्याची बॅटरी लवकरच फुगते. आपल्याकडील वैशाखात तर ती पत्र्याच्या खोलीत किंवा उभ्या मोटारगाडीत कदापि ठेवू नये, आणि वापर नसेल तेव्हा दर कोशास ३.८ व्होल्टवर आणून ठेवावी.

ज्या शाळा-महाविद्यालयांच्या कपाटांत असे संच न उघडता पडून आहेत, तेथील शिक्षकांस माझी विनंती आहे की, ते भंगारात घालू नयेत. चपट्या शरीराचा एखादा संच निवडून कार्तिकानंतरच्या निवांत सकाळी मुलांना कामाला लावावे. उडविण्यापूर्वी दर वेळी मूठ, तारा आणि बेलक्रँक यांची विमानाच्या दहापट वजनाच्या ओढीने परीक्षा घ्यावी. आणि मैदान ठरविण्याआधी मान वर करून पाहावे: शेतपंपांसाठी नेलेल्या विद्युतवाहिन्या आपल्या जिल्ह्यात जिकडेतिकडे आहेत, पोलादी तार ही विजेची वाहक आहे, आणि तिचे दुसरे टोक मुलाच्या मुठीत असते. अशी वाहिनी जवळपास दिसली, तर ते मैदान कितीही चांगले असले तरी सोडून द्यावे.