सरवा आणि कोठार



यंदा दृढीकरण संस्काराच्या वर्गात दहा आज्ञा शिकवताना आमचा अख्खा दीड तास एकाच आज्ञेवर गेला. चोरी करू नको, ही ती आज्ञा. (आम्हा कॅथलिकांच्या मोजणीत ती सातवी, प्रोटेस्टंट बंधूंच्या मोजणीत आठवी. आज्ञा एकच, आणि मोडणारेही दोन्हीकडे सारखेच.) मुलांना खिसेकापू, खोटं वजन, मजुरी बुडवणारा मालक हे सगळं पटकन पटलं. मग एकाने विचारलं, "फोनवर फुकटात पिक्चर डाउनलोड केला तर पापनिवेदनात सांगावं लागतं का?" त्याला मागच्या बाकावरून लगेच उत्तर मिळालं, "कोर्टाने सांगितलंय, नुसतं बघणं गुन्हा नाही."

हे उत्तर निम्मं बरोबर आहे, आणि निम्म्या बरोबर उत्तरांशीच शिकवणाऱ्याला जास्त झगडावं लागतं.

घडलं होतं ते असं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये देशभरात लोकांना एक भीतीदायक सूचना दिसू लागली. अडवलेलं एखादं पान उघडायला गेलं की इंटरनेट कंपनीकडून मजकूर यायचा : हे बघणं, उतरवणं, दाखवणं गुन्हा आहे, ३ वर्षं तुरुंग आणि ३ लाख रुपयांपर्यंत दंड. 'ढिशूम' या चित्रपटाचा खटला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात चालू होता. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो मजकूर बदलायला लावला. नुसतं बघणं हा गुन्हा नव्हे. परवानगीवाचून वाटणं, लोकांना दाखवणं, विकायला किंवा भाड्याने देणं हा गुन्हा, असं त्यांनी सांगितलं.

आमच्या मुलाने इथपर्यंत वाचलं आणि वही मिटली. पण टोरेंट चालतं कसं, ते पुढे पाहायला हवं. ब्रॅम कोहेन नावाच्या अमेरिकन माणसाने २००१ मध्ये ही पद्धत काढली. त्यात फाइल एका ठिकाणाहून येत नाही, तिचे लहान लहान तुकडे शेकडो लोकांच्या यंत्रांतून येतात. आणि तुमच्याकडे आलेला तुकडा त्याच क्षणी तुमच्याकडून तिसऱ्याला जायला लागतो. म्हणजे "मी तर फक्त घेतोय" म्हणणारा माणूस झोपेतसुद्धा वाटत असतो. न्यायमूर्तींनी ज्याला गुन्हा म्हटलं, तेच.

तरीही पद्धतीला दोष नाही. पाच भाकरी आणि दोन मासे हातोहात पुढे जात राहिले, त्याचीच आठवण यावी अशी ती आहे. २००७ साली अमेरिकेत कॉमकास्ट ही बडी कंपनी ग्राहकांची अशी देवाणघेवाण गुपचूप तोडते, असा संशय आला. तो पहिल्यांदा आला रॉब टोपोल्स्की या तंत्रज्ञाला. तो काही चोरीचे चित्रपट पाठवत नव्हता, हक्क संपलेली शंभर वर्षांपूर्वीची जुनी गाणी पाठवत होता. मग असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने परीक्षा घेतली. त्यासाठी त्यांनी फाइल निवडली ती पवित्र शास्त्राची, किंग जेम्स बायबलची! अमेरिकेत त्यावर कोणाचा हक्क नाही आणि फाइलही छोटी. तीनपैकी दोन वेळा बायबल पोहोचलंच नाही, तिसऱ्या वेळी दहा मिनिटं रखडून सुरू झालं. २००८ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाने कंपनीला हे थांबवायला सांगितलं आणि २०१० मध्ये न्यायालयाने आयोगाचा तो आदेशच रद्द केला. चोर पकडायला निघालेल्याने वाटेत बायबल अडवलं, हे वर्गात सांगितलं तेव्हा मुलं मनापासून हसली.

आपल्याकडेही असं झालं आहे. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने '३' आणि 'धम्मू' या चित्रपटांसाठी मनाईहुकूम दिले, तेव्हा इंटरनेट कंपन्यांनी सबंधच्या सबंध संकेतस्थळं बंद करून टाकली. स्वतःचे चित्रपट प्रामाणिकपणे ठेवणाऱ्यांची दारंही त्यात लागली. जूनमध्ये न्यायालयाला स्पष्ट करावं लागलं की चोरीचा चित्रपट ज्या पानावर आहे तेवढंच पान अडवा, सगळं संकेतस्थळ नव्हे. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला धनी आपल्या चाकरांना हेच सांगतो : निदण उपटायला जाल आणि त्याबरोबर गहूही उपटाल.

कंपनीचं स्वतःचं काय? कायद्याने तिला साधारण टपालवाल्याची जागा दिली आहे. पत्रात काय लिहिलंय त्याला टपालवाला जबाबदार नाही, जोवर तो पत्र फोडत नाही, बदलत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ ते हेच. न्यायालयाचा किंवा सरकारचा हुकूम आला की मात्र त्याने थांबायचं. ही व्यवस्था आम्हाला योग्य वाटते. आपली प्रत्येक चिठ्ठी वाचणारा टपालवाला कोणाला हवा आहे? पण याचा दुसरा अर्थ असा की पहारा कंपनीचा नाही, आपला आहे.

आता डेटाचं बोलू, कारण आमच्या धर्मग्रामातलं खरं भांडण तिथून सुरू झालं.

चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल, २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं तेव्हा महिन्याचा डेटा मोजून मिळायचा. पुढे रात्री दोन ते सकाळी आठ फुकट, अशा योजना आल्या. कितीतरी घरांत संगणक रात्रभर घरघरत असायचा आणि सकाळी उठून पहिलं काम, काय काय उतरलं ते बघणं. प्रार्थनेच्या आधी! २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर मोबाईलवर ती चणचण संपली, पण घरच्या आणि सभागृहाच्या जोडणीला 'फेअर युसेज'ची मर्यादा असतेच. ती ओलांडली की वेग उतरतो. किती उतरावा यालाही ट्रायने २०१६ मध्ये तळ ठरवून दिला, ५१२ केबीपीएस. त्या वेगात जपमाळेचा व्हिडिओ धड चालत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

ऑक्टोबरमध्ये रोज रात्री आठ वाजता आम्ही सभागृहातून जपमाळ ऑनलाइन घेतो. भुसावळ, पुणे, सुरतेला गेलेली कुटुंबं त्यात येतात. अंथरुणाला खिळलेल्या दोन आज्या आहेत, त्यांची तर वर्षातली तेवढीच जपमाळ मंडळीबरोबर होते. गेल्या वर्षी महिन्याच्या विसाव्या दिवशीच मर्यादा संपली. "नमो मारिया" म्हणता म्हणता चेहरे थिजायचे. राउटरमध्ये पाहिलं तर रात्री अकरानंतर दोन फोन पोटभर खेचत होते. सभागृहाच्या ओट्यावर बसणारी आपलीच मुलं. त्यांच्याकडे शेकडो चित्रपट निघाले, आणि त्यातले बहुतेक त्यांनी बघितलेलेही नव्हते.

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना आठवा. ज्याने पुष्कळ गोळा केला त्याला जास्त झाला नाही, ज्याने थोडा केला त्याला कमी पडला नाही, आणि सकाळसाठी साठवलेल्यात किडे पडले. हार्ड डिस्कमध्ये किडे पडत नाहीत, एवढाच फरक.

बुऱ्हाणपूरच्या माणसाला वाटपाचं हे गणित दुसऱ्या कोणी शिकवायला नको. आपला कुंडी भंडारा बघा. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात झालेलं काम. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने नुसत्या उतारावर शहराकडे येतं, पंप नाही, मोट नाही. वर शंभरावर कुंड्या, खाली प्रवाह एकच. एका कुंडीवर कोणी बेसुमार उपसा केला तर पुढच्या कुंडीवर काय पोहोचेल? इंटरनेटचंही तसंच आहे, फक्त थोडा फरक आहे. रात्री तीनला रिकामी असलेली वाहिनी कोणी वापरली तर शेजाऱ्याचं काही जात नाही. आठ वाजता सगळे एकदम बसतात तेव्हाच अडचण होते. आमच्या सभागृहात मात्र महिन्याचं माप ठरलेलं, म्हणून तिथे रात्री तीनचा उपसाही आज्यांच्या जपमाळेतूनच जात होता. हे ऐकल्यावर त्या मुलांचे चेहरे पडले. कायद्याच्या ३ वर्षांनी ते पडले नव्हते.

भजनांचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि तिथे दोषी फक्त मुलं नाहीत.

लेवीयाच्या पुस्तकात देव शेतकऱ्याला सांगतो की शेताचे कोपरे पूर्ण कापू नको, सरवा वेचू नको, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही असे कोपरे ठेवलेले आहेत. कलम ५२ प्रमाणे खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाणं हा हक्कभंग नव्हे. मिस्सेत किंवा उपासनेत कोणाचंही भजन गायला परवानगी लागत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी तर सगळं शेतच खुलं होतं. (आधी ५० होती, रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा, १९९२ मध्ये, ती ६० केली.) रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, लक्ष्मीबाई १९३६ मध्ये. त्यांची गीतं छापा, गा, फोनवर पाठवा, ती आता सगळ्या मंडळीची आहेत.

पण रूथ सरवा वेचायला गेली ती बवाजाच्या शेतात, त्याच्या कोठारात नव्हे. आजच्या गीतकाराची पुस्तिका स्कॅन करून शंभर जणांना पाठवणं किंवा त्याचा अल्बम गटात टाकणं त्या सवलतीत येत नाही.

खानदेशातले एक गायक बंधू आहेत, नाव देत नाही. पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी मराठी भजनं ध्वनिमुद्रित केली आणि पेनड्राइव्हवर विकायला ठेवली. पंधरा दिवसांत ती सगळ्या गायकवृंदांच्या व्हॉट्सॅपवर होती. आगमनकाळात ते आमच्याकडे गायला आले तेव्हा सगळी मंडळी शब्दन् शब्द त्यांच्याबरोबर गात होती, आणि पेनड्राइव्ह खपले चार. जेवताना ते म्हणाले, "गाणी पोचली, देवाची स्तुती असो. हप्ता तेवढा राहिलाय."

कोणी म्हणेल, देवाच्या गाण्याचे पैसे कसले? आम्ही विचारतो, मेणबत्त्यांचे देता ना? वेदीच्या फुलांचे देता, स्पीकरवाल्याचे देता. मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, असं अनुवादाचं पुस्तक सांगतं, आणि मजूर भजन लिहिणारा असेल तर देऊ नये असा अपवाद त्यात नाही. चोरीच्या पापात क्षमा मागून भागत नाही, परतफेडही करावी लागते. जक्कयाने तर चौपट कबूल केली.

फादरांशी बोलून गायकवृंदाने घरटी विचारलं. ज्याच्या फोनमध्ये ती भजनं आहेत त्याने पेनड्राइव्हची किंमत द्यावी. जमत नसेल त्याच्यासाठी दुसरा कोणी देईल. सत्तावीस घरांनी दिली. ओट्यावरच्या दोघांपैकी एकाने केळीच्या बागेत दोन दिवस काम करून स्वतःचे आणि आजीचे असे दोन्ही दिले. सभागृहाच्या जोडणीवर आता जपमाळेसाठी वेगळा पासवर्ड आहे आणि मुलांसाठी रोजचं माप ठरलेलं वेगळं.

गायक बंधूंच्या वहीत आणखी अकरा भजनं तयार आहेत. ती मुद्रित करायची की नाही, हे त्यांनी ठरवलेलं नाही. जळगावच्या स्टुडिओचा दर आम्ही विचारून ठेवला आहे. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर दाराशी डबा असेल, आणि ज्यांच्याकडे अजून ती जुनी फाइल आहे त्यांनी गायकवृंदाच्या वहीत नाव लिहावं.