उजेडाची वाटी

कॅमेरा शिकवणारी पुस्तकं आज्ञार्थात बोलतात. इतकं उघडा, तितकं झाका, सूर्य पाठीशी घ्या, श्वास रोखून बटण दाबा. पाककृतींची पुस्तकंही अशीच बोलतात. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि मराठी घरांत टिकून राहिलं. त्याचं एक कारण मला फार मोलाचं वाटतं: त्यातलं माप वाटीचं होतं. वाटी ज्या घरात पुस्तक उघडलं जाईल त्या घरातली. एकदा ती ठरली की पुढचं सगळं प्रमाण तिच्यावर बेततं. गेली काही वर्षं मी इंदिरानगरच्या घरात बसून पुस्तकांवरून छायाचित्रण शिकते आहे, आणि हे शिकणं म्हणजे मुख्यतः स्वतःच्या घरातली वाटी शोधणं, असं मला वाटू लागलं आहे.

२०१८ साली चर्च स्ट्रीटच्या ब्लॉसममध्ये, जुन्या पुस्तकांच्या रांगेत, मला अँसल अ‍ॅडम्सचं 'द निगेटिव्ह' मिळालं. अ‍ॅडम्सने उतारवयात तीन पुस्तकांत आपली विद्या मांडली: 'द कॅमेरा' १९८० साली, 'द निगेटिव्ह' १९८१ साली आणि 'द प्रिंट' १९८३ साली. हा माणूस आधी पियानोवादक व्हायला निघाला होता. निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराने लिहिलेली संहिता आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं तो मानत असे. पुस्तक घेऊन मी एम. जी. रोडवरून मेट्रोत बसले. ट्रिनिटी, हलसूरू, इंदिरानगर. तीन स्थानकांत प्रस्तावनाही संपली नाही.

घरी आई होती. नाशिकचं बिऱ्हाड आवरून ती वर्षभरापूर्वी माझ्याकडे राहायला आली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत चालला होता. या आजारात सहसा पूर्ण अंधार होत नाही. कडेचं दिसत राहतं, पण ज्याच्याकडे रोखून पाहावं तेच पुसट होतं. वाचायला घेतलेलं अक्षर, समोरच्याचा चेहरा, सुईचं नाक. डॉक्टरांनी तिला चौकटींचा एक कागद दिला होता, मध्ये एक ठिपका असलेला. रोज एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायचं आणि रेघा सरळ दिसतात की वाकड्या, ते सांगायचं. कागद आम्ही फ्रिजवर लावला होता. "आज रेघा चंद्रभागेसारख्या वाहतायत," असं ती एखाद्या दिवशी म्हणे, आणि मी तारीख टिपून ठेवी.

वाचन सुटल्याचं तिला सगळ्यांत जास्त लागलं होतं. मी काहीही वाचत असले की ती म्हणायची, "मोठ्याने वाच की." म्हणून 'द निगेटिव्ह' मोठ्याने वाचलं गेलं. आईला इंग्रजी वाचून कळत असे, पण ऐकताना ते निसटे, म्हणून मी वाक्य वाचून लगेच मराठीत सांगत असे. एरवी जी वाक्यं मी मान डोलावून ओलांडली असती, ती आता अडवू लागली. आईला सांगता येत नाही, म्हणजे मला अजून कळलेलं नाही, हा साधा हिशेब होता.

अडलं ते पहिल्यांदा झोन सिस्टिमपाशी. अ‍ॅडम्सने फ्रेड आर्चरच्या साथीने १९३९-४०च्या सुमारास ही रीत बसवली. निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे त्याने अकरा टप्पे केले, शून्य ते दहा. एका टप्प्यावरून वरच्या टप्प्यावर जायचं तर उजेड दुप्पट, खालच्यावर यायचं तर निम्मा. मधला पाचवा टप्पा म्हणजे अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के परत पाठवणारा करडा रंग. कॅमेऱ्यातलं मीटर हा एकच रंग ओळखतं. काळी साडी दाखवा की पांढरी भिंत, ते ती करडीच आहे असं धरून चालतं आणि तसाच आकडा देतं.

"म्हणजे तुझं मीटर दिसेल त्याला ओसरीवर आणून बसवतं," आई म्हणाली.

मी पुस्तक मिटलं. "ओसरीवर म्हणजे?"

मग तिने तिच्या माहेरच्या वाड्याचा उजेड सांगितला. नाशिकच्या जुन्या भागातला तो वाडा केव्हाच पडला, तिथे आता इमारत आहे. पण उजेड तिच्या लक्षात खोलीवार होता. मधल्या चौकात भर ऊन. चौकालगत ओसरी, आत सोपा, त्याच्या आत माजघर, माजघराच्या पोटात कोठीची खोली आणि तिच्या भिंतीत धान्याचं बळद. चौकातून आत जाताना प्रत्येक उंबऱ्याला उजेड कमी होई. मी वहीत एका बाजूला आकडे लिहिले आणि दुसऱ्या बाजूला ती सांगेल ते लिहीत गेले. शून्य: बळद, जिथे हात घातला तरी हात दिसत नाही. एक आणि दोन: कोठी, तिथे काहीतरी आहे एवढंच कळतं. तीन: माजघराचा कोपरा, डबे काळेच, पण कुठला पोह्यांचा आणि कुठला डाळीचा ते ओळखता येतं. चार: माजघराचं दार. पाच: ओसरीवर उभा करून ठेवलेला कोरडा पाटा. सहा: चौकाच्या कडेला बसून उघडलेला तळहात. सात: दांडीवरचं धुवट धोतर, चुणी न् चुणी दिसणारं. आठ: चुन्याची भिंत, जिचा खरखरीतपणा जेमतेम जाणवतो. नऊ: त्याच भिंतीवर पडलेलं भर ऊन. दहा: घंगाळातल्या पाण्यावरची तिरीप, जिच्याकडे बघवत नाही.

ही यादी अ‍ॅडम्सच्या तक्त्याशी ताडून पाहिली तेव्हा ती जवळपास जुळली. पोत स्पष्ट राहतो तो तिसऱ्या टप्प्यापासून सातव्यापर्यंत, असं पुस्तक सांगत होतं. आईच्या भाषेत, डबे ओळखू येतात तिथपासून चुण्या मोजता येतात तिथपर्यंत. छायाचित्रकाराचं कामही आता एका वाक्यात सांगता येत होतं: मीटरने ओसरीवर आणून बसवलेल्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या खोलीत परत पाठवायचं. काळी चंद्रकळा मीटरला दाखवली, तर आलेल्या आकड्यापेक्षा दोन स्टॉप कमी उजेड द्यायचा, म्हणजे ती माजघराच्या कोपऱ्यात जाऊन बसते. धुवट धोतराला दोन स्टॉप जास्त, म्हणजे ते चौकातल्या दांडीवर जातं.

पुस्तकातला उजेड मात्र आमच्या गल्लीतल्या उजेडाहून वेगळा होता. योसेमिटीचं खोरं जवळपास ३८ अंश उत्तरेला आहे आणि बंगळूरु १३ अंशांवर. योसेमिटीत सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. इथे तो वर्षातून दोनदा, एप्रिलच्या २४ तारखेच्या आणि ऑगस्टच्या १८ तारखेच्या आसपास, बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली खांबाच्याच पायाशी नाहीशी होते. अशा दुपारी हंड्रेड फीट रोडवर कुणाचा फोटो काढला तर डोळ्यांच्या खोबणी कोठीत जातात आणि कपाळ चुन्याच्या भिंतीवर. पाश्चात्त्य पुस्तकं ज्या सोनेरी तासाची वाट पाहायला सांगतात, तो इथे तासभर टिकत नाही, कारण सूर्य तिरका रेंगाळत न जाता जवळजवळ सरळ खाली उतरतो. आईकडे त्या थोड्याशा वेळेसाठीही तीन-चार शब्द होते. आधी उन्हं कलतात, मग उतरतात, मग कातरवेळ, मग दिवेलागण. बाल्कनीत बसून ती हे टप्पे जाहीर करी आणि मी मीटर वाचत असे. कलत्या उन्हापासून दिवेलागणीपर्यंत मीटर किती स्टॉप खाली येतं, हे मी त्या शब्दांसमोर लिहून ठेवलं आहे.

त्वचेबद्दलही पुस्तकाचं माप स्वतःच्या गावचं होतं. उन्हातली गोऱ्या माणसाची त्वचा अ‍ॅडम्स सहाव्या टप्प्यावर ठेवतो. आई सावळी. तिला सहाव्यावर नेलं की फोटोत कुणी दुसरीच बाई दिसते, तिच्या बहिणींनाही अनोळखी वाटावी अशी. तळहाताचं मात्र वेगळं आहे. माणसामाणसांच्या चेहऱ्यांच्या रंगात जेवढा फरक असतो, तेवढा तळहातांच्या रंगात नसतो. म्हणून उजेड तळहातावर मोजावा, तळहात सहाव्यावर ठेवावा आणि चेहरा आपोआप जिथे पडेल तिथे पडू द्यावा. आईचा चेहरा ओसरीच्या थोडा आत पडतो. तीच त्याची जागा आहे.

पुस्तकावरून शिकणाऱ्या माणसाची गोष्ट आईला परकी नव्हती. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे तिच्या लेखी गावचेच. जे. जे. कला विद्यालय आणि बडोद्याचं कलाभवन इथे शिकून, छायाचित्रण आणि छपाईचे उद्योग करून चाळिशीला पोचल्यावर, त्यांनी गिरगावातल्या तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि चलत्चित्रांचा ध्यास घेतला. शिकवणारं कुणी नव्हतं. त्यांनी सिनेमॅटोग्राफीची मुळाक्षरं सांगणारं इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि रोज तासन् तास चित्रपट पाहिले, इतके की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परतली. १९१२ साली ते लंडनला जाऊन आले, कॅमेरा आला, आणि त्यांनी कुंडीत वाटाणे पेरून त्यांच्या वाढीची चित्रं थोडी थोडी घेतली. कोंब वर येतो, वेल होतो, सगळं मिनिटाभरात. 'राजा हरिश्चंद्र' प्रेक्षकांसमोर आला तो नंतर, ३ मे १९१३ रोजी. तंत्र पुस्तकातलं होतं, पण ते तपासलं गेलं घरातल्या कुंडीवर, आणि ते चित्र पाहून पैसे लावणारे तयार झाले.

"त्यांची दृष्टी परत आली," एवढंच आई त्यावर म्हणाली. मी काही बोलले नाही.

२६ डिसेंबर २०१९च्या सकाळी सूर्यग्रहण होतं. दक्षिणेकडे काही ठिकाणी कंकणाकृती, बंगळूरुत खंडग्रास. आंघोळ ग्रहण सुटल्यावरच करायची, हे आईने आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, पण खाली यायला तिची हरकत नव्हती. आमच्या रस्त्यावर मोठे वर्षावृक्ष आहेत. त्यांच्या पानांमधल्या प्रत्येक फटीतून सूर्याचं एकेक चित्र जमिनीवर पडतं. एरवी सूर्य गोल असतो म्हणून कवडसे गोल दिसतात. फटीचा आकार कसाही असला तरी गोलच. काळ्या खोलीला छिद्र पाडून केलेला जुन्यात जुना कॅमेरा याच नियमावर चालतो. त्या दिवशी फुटपाथवरचे सगळे कवडसे कोरीसारखे झाले होते.

आईने एका जागी टक लावली नाही. डोळे सोडवून ती जरा बाजूला, भिंतीकडे पाहत राहिली. अंधूक तारे पाहणारेही असंच करतात, ताऱ्याच्या किंचित शेजारी बघतात, कारण मंद उजेड डोळ्याच्या कडेला जास्त कळतो. आई हे स्वतःचं स्वतः शिकली होती. "सगळ्या जमिनीवर नखं सांडलीत," ती म्हणाली. मी फोटो काढले. ते वाईट नाहीत. पण कुणाला दाखवताना मी तिचंच वाक्य सांगते.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत मी तिचा एक फोटो काढला. खिडकीशी बसलेली, अंगावर काळी चंद्रकळा, मांडीवर उघडा तळहात. तो कागदावर छापून आणला आणि तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, तिरका केला, पुन्हा लांब धरला. चेहरा जिथे होता तिथे तिला धुकं दिसत होतं.

"सांग," ती म्हणाली.

मी वरून खाली सांगत गेले. खिडकीची काच घंगाळातल्या पाण्यासारखी. पडदा दांडीवरच्या धोतरासारखा, चुण्यांसकट. तळहात चौकाच्या कडेला. लुगडं माजघराच्या कोपऱ्यात, पण काठ ओळखू येतो. खुर्चीखाली कोठी.

"आणि मी?"

"ओसरीच्या थोडी आत."

ती बराच वेळ फोटो हातात धरून बसली. मग म्हणाली, "बळदात काही गेलेलं नाही ना?"

मी पुन्हा नीट पाहिलं. खुर्चीच्या पायामागे नखाएवढी जागा निखळ काळी होती. ती मी तिला सांगितली. तेवढी असू दे म्हणाली. घरात बळद हवंच.